दुरुस्ती कुठे छापता ते दाखवा

बातमीखाली 'एआयच्या मदतीने तयार' अशी बारीक अक्षरातली ओळ टाकली की लोकांचा विश्वास परत येईल, असं बऱ्याच संपादक मंडळींना वाटतंय आणि मला ते अजिबात पटत नाही. बातमी कोणी तपासली, मुळात तपासली का, यातलं काहीच त्या ओळीतून कळत नाही.

सी-नेट या अमेरिकन टेक-न्यूज वेबसाइटचं बघा ना. २०२२ च्या शेवटी त्यांनी पैशांबद्दलचे लेख गाजावाजा न करता एआयकडून लिहून घ्यायला सुरुवात केली, लेखकाचं नाव काय तर 'मनी स्टाफ', आणि बोंबाबोंब झाल्यावर तपासलं तर ७७ पैकी ४१ लेखांत दुरुस्त्या कराव्या लागल्या. एक चूक तर भारीच होती. १०,००० डॉलर ३ टक्क्यांनी ठेवले तर वर्षाअखेरीस १०,३०० डॉलर कमाई होईल म्हणे! अहो कमाई ३०० ची, बाकीचं मुद्दल तुमचंच. शाळेतलं गणित. पण वाक्य इतकं गुळगुळीत की नजर न अडखळता पुढे जाते. आधी गचाळ भाषा दिसली की निदान शंका तरी यायची, आता चुकीची बातमीसुद्धा इस्त्री करून येते.

मग मे २०२५ मध्ये शिकागो सन-टाइम्सने उन्हाळ्यात वाचायच्या पुस्तकांची यादी छापली, १५ पैकी १० पुस्तकं कोणी लिहिलेलीच नाहीत. लेखक खरे, पुस्तकं खोटी. यादी बाहेरून आलेली, करणाऱ्याने एआय वापरला होता, आणि पेपर म्हणतो आमच्या न्यूजरूमने ती बनवलीही नाही, मंजूरही केली नाही. मग छापली कोणी? मला एआयपेक्षा हे उत्तर जास्त खटकतं.

आणि सगळं खापर एआयवर फोडायचं तर गॅलप या सर्वेक्षण संस्थेचे अमेरिकेतले आकडे आडवे येतात. मीडियावर बऱ्यापैकी विश्वास ठेवणारे १९७६ ला ७२ टक्के होते, २०१६ लाच ३२ वर आले होते, तेव्हा चॅटजीपीटीचा पत्ताही नव्हता.

तंत्रज्ञानातून काहीच होणार नाही असं नाही. सी-टू-पी-ए नावाचं एक स्टँडर्ड आहे, बीबीसी, अडोबी, मायक्रोसॉफ्ट वगैरेंनी २०२१ मध्ये सुरू केलं, फोटो कुठून आला, त्यात काय बदललं याची नोंद फोटोलाच चिकटून राहते. कल्पना चांगलीये. फक्त स्क्रीनशॉट काढला की नोंद गळून पडते, आणि खऱ्या फोटोखाली खोटी कॅप्शन टाकली तर ती पकडणं हे तिचं कामच नाही.

त्यामुळे मी आता एकच बघते, चूक सापडल्यावर काय करतात. चुपचाप वाक्य बदलून मोकळे होतात, की आधी काय लिहिलं होतं, कधी बदललं, कोणी तपासलं हे लेखाच्या वरच लिहितात? चुकीचं नोटिफिकेशन रात्री ११ ला सगळ्यांच्या फोनवर वाजत असेल, तर दुरुस्तीचंही तसंच वाजू द्या की.