बिल की बेल?

न्यूयॉर्कला स्टुडिओत असिस्टंट होतो तेव्हाची गोष्ट आहे. माझं काम म्हणजे केबल ओढायच्या, हेडफोन लावून द्यायचे, कुठला टेक कुठे फसला ते लिहून ठेवायचं आणि कॉफी. त्या दिवशी ऑपेरा गाणाऱ्या एक बाई होत्या, सोप्रानो, म्हणजे बायकांमधला सगळ्यात उंच आवाज, नाव सांगत नाही, ब्रॉडवेची जुनी गाणी रेकॉर्ड करायला आलेल्या, साथीला फक्त पियानो.

पहिली दोन गाणी मस्त झाली. 1920 च्या दशकात ब्रॉडवेच्या थिएटरात माइक नव्हते, आवाज शेवटच्या रांगेपर्यंत नुसत्या गळ्यानं न्यायचा, आपल्या संगीत नाटकात न्यायचे तसाच, त्यामुळे नायिकांची बरीचशी गाणी सोप्रानोला सोयीचीच. घोडं अडलं ते ‘बिल’ या गाण्यापाशी.

संगीत जेरोम कर्नचं आणि शब्द पी. जी. वुडहाउसचे, हो, तोच जीव्ह्जच्या विनोदी गोष्टी लिहिणारा! 1918 च्या एका नाटकातून हे गाणं कापलं गेलं, मग 1927 ला ‘शो बोट’ या ब्रॉडवेच्या संगीत नाटकात आलं, थोडे शब्द त्याचा गीतकार हॅमरस्टाइननं बदलले आणि त्यातली नटी हेलन मॉर्गननं ते पियानोवर चढून बसून गायलं. एक बाई आपल्या बिल नावाच्या अगदी साध्यासुध्या माणसाबद्दल बोलतेय, बस एवढंच गाणं. ते बोलल्यासारखंच यायला हवं ना. आमच्या बाईंनी पट्टी वर घेतलेली आणि शेवटचं ‘बिल’ तर थेट वरच्या ‘ए’ या सुरावर नेऊन ठेवलेलं. आवाज काय लागला होता सांगू, काचेपलीकडे माझ्या अंगावर काटा. पण प्रोड्युसर गप्प.

मग त्यांनी मला लिरिक्सचा कागद बाजूला ठेवायला लावला आणि म्हणाले, तुझी भाषा इंग्लिश नाही, हे गाणंही तुला पाठ नाही, जे ऐकू येईल ते लिही. मी आपला घाईघाईत देवनागरीत लिहिलं. तीन ओळींच्या जागी नुसत्या रेघा आणि शेवटी ‘बेल’.

बाई आत आल्या, कागद बघितला, वाचता येईना, म्हणाल्या, मोठ्यानं वाच. माझी फाटली होती. वाचलं. "बेल कोण?" मी सांगितलं की आमच्याकडे महादेवाला वाहतात, झाडाचं पान असतं. बाई इतक्या हसल्या की खुर्चीत बसल्या.

पण चूक त्यांची तरी कशी म्हणायची? ‘बिल’मधल्या ‘इ’साठी तोंडाची पोकळी पहिल्यांदा घुमते ती 400 हर्ट्झच्या आसपास, आणि वरचा ‘ए’ सूर म्हणजे 880, त्या घुमाराच्या कितीतरी वर. तिथे जबडा उघडल्याशिवाय आवाज निघत नाही आणि जबडा उघडला की ‘इ’ राहत नाही. ऑपेरात हेच तर शिकवतात.

पियानोवाल्यानं तिथल्या तिथे गाणं पाच सूर खाली घेतलं, नोटेशन तेच समोर ठेवून, या माणसांना दंडवत. शेवटची ती उडी काढून टाकली. माइक हातभर लांब होता तो वीतभर अंतरावर आणला. आता वेगळीच पंचाईत, खाली बाईंचा आवाज हवेसारखा, श्वास ऐकू यायला लागला, आणि त्या चिडल्या, हा माझा आवाजच नाही म्हणाल्या. दोन टेक त्या रागातच वाया गेले. तिसऱ्याला स्टँडसमोर उभं राहायचं सोडून स्टुलावर बसल्या, हात मांडीवर, आणि गायल्या म्हणण्यापेक्षा सांगितलं. मधे एकदा स्टूल करकरलं, ते अजून आहे रेकॉर्डिंगमध्ये, काढू दिलं नाही त्यांनी.

माझ्या कागदावर या वेळी एकच रेघ होती. बाईंनी विचारलं, ‘बिल’ कुठलं? मी बोट ठेवलं. पेन घेऊन त्यांनी खाली ते अक्षर-अक्षर उतरवलं, वेलांटी उलटी काढली, आणि कागद पर्समध्ये टाकून चौथ्या गाण्याला गेल्या.