आमची वाटचाल : अमावास्या पाहून काढलेल्या सहली

आमच्या सहल व्यवसायाची नोंदणी २०११ साली झाली आणि कर्वे रस्त्यालगतच्या एका लहानशा गाळ्यात आम्ही दोघा भावांनी टेबल मांडले. पण या कामाची सुरुवात माझ्या मनात १८ नोव्हेंबर १९९९ च्या पहाटेच झाली होती. टेम्पल-टटल हा धूमकेतू ३३ वर्षांनी सूर्याजवळून जाऊन गेला असल्यामुळे सिंह राशीतील उल्कावर्षाव त्या वर्षी जोरदार होण्याची शक्यता होती, म्हणून आम्ही महाविद्यालयातील सहा मित्र पानशेतच्या बाजूला रात्रभर जागलो होतो. चंद्र मावळल्यावर उल्का दिसू लागल्या, त्यांची संख्या वाढते आहे असे वाटू लागले आणि नेमके तेव्हाच पूर्वेला उजाडले. वर्षावाचा परमोच्च क्षण भारतीय वेळेनुसार सकाळी साडेसातच्या सुमारास आला. आम्ही त्या वेळी परतीच्या वाटेवर चहा घेत होतो. जॉर्डनमध्ये मात्र पहाटेचे चार वाजले होते आणि तेथील वाळवंटावर काही मिनिटे ताशी हजारोंच्या दराने उल्का कोसळत होत्या. हे नंतर वाचले, तेव्हापासून त्या वाळवंटाने माझा पिच्छा सोडला नाही.

पहिली काही वर्षे आम्ही किल्ल्यांच्या सहली आणि भोर-वेल्हे परिसरातील आकाशदर्शनाच्या रात्री यांवर काढली. ज्योतिर्विद्या परिसंस्थेमुळे पुण्यात १९४४ पासून हौशी आकाशनिरीक्षकांची परंपरा आहे, त्यामुळे जाणकार ग्राहक मिळत गेले. मिथुन राशीतील उल्कावर्षाव डिसेंबरच्या मध्यास, आपल्याकडील निरभ्र थंडीत येतो. त्यासाठी परदेशी जाण्याचे काहीच कारण नाही, आणि तसे आम्ही विचारणाऱ्याला स्पष्ट सांगतो. अडचण ययाती या तारकासमूहातील वर्षावाची असते. तो १२-१३ ऑगस्टच्या रात्री ऐन भरात असतो आणि त्या दिवसांत पुण्याचे आकाश ढगांनी गच्च भरलेले असते. दरवर्षी कोणीतरी विचारायचे, ‘‘ययातीचा वर्षाव आम्ही कधी बघायचा?’’ या प्रश्नाला भोरमध्ये उत्तर नव्हते.

उत्तर वादी रममध्ये होते. दक्षिण जॉर्डनमधील या वाळवंटात ऑगस्टमध्ये पाऊस जवळजवळ नसतोच. शिवाय ते साधारण साडेएकोणतीस अंश उत्तर अक्षांशावर असल्याने ध्रुवतारा पुण्यापेक्षा अकरा अंशांनी वर दिसतो आणि ययातीतील उद्गमबिंदूही, म्हणजे उल्का जिथून निघाल्यासारख्या वाटतात ती आकाशातील जागाही, तितकीच अधिक उंच चढते. उद्गमबिंदू जितका वर, तितक्या उल्का जास्त, हे गणित ग्राहकाला पटवून देण्यासाठी मी गाळ्याच्या भिंतीवर खडूने दोन क्षितिजे काढून ठेवली होती.

२०१८ साली ११ ऑगस्टला दीप अमावास्या होती, म्हणजे वर्षावाच्या रात्री चंद्राचा अडथळा नव्हता. पतसंस्थेचे कर्ज काढून आम्ही चौदा जणांची पहिली सहल नेली. तेथे पोहोचल्यावर कळले की, ठरवलेल्या तळाऐवजी आम्हाला गावाजवळच्या दुसऱ्याच तळावर उतरवले आहे. तंबूंभोवती दिव्यांच्या माळा होत्या, मध्यभागी प्रखर झोत होता आणि तो बंद करण्यास व्यवस्थापक तयार नव्हता. आगाऊ रक्कम आधीच भरलेली होती. रात्री दहाला आम्ही तीन जीप भाड्याने घेतल्या आणि एका बेदुईन चालकाने आम्हाला गावाचा उजेड अडवणाऱ्या वालुकाश्माच्या कड्यामागे, उत्तर-पूर्व मोकळी असलेल्या जागी नेले. जीपचे दिवे विझले तेव्हा सुरुवातीला कोणालाच काही दिसेना. अंधाराला डोळे सरावायला वीस-पंचवीस मिनिटे लागतात. तेवढ्या वेळात सगळे सतरंज्यांवर आडवे झाले आणि हळूहळू बोलणे थांबले.

पहिली मोठी उल्का शर्मिष्ठा तारकासमूहाच्या खालून निघाली आणि तिची हिरवट रेघ दोन-तीन सेकंद तशीच रेंगाळली. स्विफ्ट-टटल धूमकेतूने मागे सोडलेला वाळूच्या दाण्याएवढा कण सेकंदाला ५९ किलोमीटर वेगाने हवेत शिरला की सुमारे शंभर किलोमीटर उंचीवर एवढा उजेड पडतो, हे मी शेकडो वेळा सांगितले आहे. त्या रात्री मला ते सांगावेसे वाटले नाही. आमच्यातील एक निवृत्त शिक्षिका लाल कागद लावलेल्या विजेरीच्या उजेडात वहीत रेघा मारत होत्या. पहाटे तीन ते चार या एका तासात त्यांनी ५८ उल्का मोजल्या. ती वही त्यांनी नंतर आम्हाला दिली. ती आजही गाळ्यातील कपाटात आहे.

जादा जीपचे पैसे आम्ही ग्राहकांकडून घेतले नाहीत, त्यामुळे त्या सहलीत नफा उरला नाही. पण त्यानंतर आम्ही दोन नियम घालून घेतले. तळाची जागा आमच्यापैकी एकाने आधीच्या एखाद्या अमावास्येला स्वतः जाऊन पाहायची, आणि नारळी पौर्णिमा वर्षावाजवळ आली तर त्या वर्षी सहल काढायची नाही. त्यामुळे २०१९ आणि २०२२ मध्ये मागणी असूनही आम्ही नकार दिला. चांदण्यात बहुतेक उल्का बुडून जातात आणि लोकांनी वर्षभर साठवलेले पैसे अशा रात्रीसाठी घेणे मला मान्य नाही. ‘ताशी शंभर उल्का’ असेही आम्ही आमच्या पत्रकात छापत नाही. तो आकडा उद्गमबिंदू डोक्यावर आणि आकाश आदर्श असतानाचा असतो.

२०२० साली सर्वांची आगाऊ रक्कम परत केली आणि गाळ्याचे भाडे भरण्यासाठी भावाने दीड वर्ष शिकवण्या घेतल्या. २०२३ मध्ये चंद्राची फक्त कोर उरली होती, तेव्हा आम्ही पुन्हा त्याच कड्यामागे गेलो.

चंद्राच्या कला आठ वर्षांनी जवळपास त्याच तारखांना येतात. २०१८ नंतर २०२६ मध्ये १२ ऑगस्टला पुन्हा दीप अमावास्या आहे. त्या रात्रीसाठी आम्ही सोळाच जागा ठेवल्या आहेत, कारण त्या कड्यामागे एका रांगेत तेवढ्याच सतरंज्या मावतात.