बंड्याचे दोन इको

गेल्या मे महिन्यात आमचा ९ वर्षांचा बोका बंड्या दोन दिवस उलट्या करत होता. खाणं बंद, पाण्याकडे बघेना. डॉक्टरांना मर्मर, म्हणजे हृदयाच्या ठोक्यांसोबतची जादा सरसर, ऐकू आली, तीही बेसिनचा नळ सोडल्यावर. टेबलावरसुद्धा हा पठ्ठ्या गुरगुरत होता, पाण्याच्या आवाजाने गप्प झाला. त्याच संध्याकाळी दुसरीकडे इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, केला. हृदयाच्या डाव्या खालच्या कप्प्याची भिंत ६.२ मिलिमीटर. मांजरात ६ झाली की जाड धरतात. एचसीएम, म्हणजे हृदयाचा स्नायू जाड होण्याचा आजार, असावा, म्हणाले. गोळ्या बहुधा आयुष्यभर. रिक्षात रडले मी.

दुसऱ्या दिवशी ओळखीच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी रिपोर्ट बाजूला ठेवून आधी बंड्याच्या खांद्यावरची कातडी चिमटीत धरून सोडली. ती तशीच उभी राहिली. हिरड्या चिकट. "ताई, हा पार कोरडा पडलाय. आधी पाणी भरू, मग हृदय बघू."

मग रिपोर्टवर बोट ठेवून समजावलं. अंगात पाणी कमी, म्हणून हृदयात येणारं रक्त कमी. कप्पा नीट भरत नाही, आक्रसतो. स्नायू तेवढाच, पण लहान पोकळीभोवती गोळा झाल्यामुळे जाड दिसतो. बंड्याचा कप्पा जेमतेम ११ मिलिमीटर होता. उलटही होतं म्हणे: खरंच आजारी मांजराचा वाढलेला वरचा कप्पा कोरडेपणात लहान दिसतो आणि आजार लपतो.

मला वाटलं, लावा सलाईन भराभर. तर नाही! हृदय खरंच आजारी निघालं तर जास्तीचं पाणी फुप्फुसात उतरतं. म्हणून दोन दिवस हळूहळू, आणि रात्री झोपेतले श्वास मोजायचे; मिनिटाला ३० च्या वर गेले की फोन. पहाटे तीनला मोजले, २४. मध्येच बीपी आणि थायरॉइडही तपासलं, कारण त्यांनीही भिंत जाड होते. दोन्ही ठीक.

दहा दिवसांनी पुन्हा इको, हट्टाने त्याच मशीनवर, त्याच डॉक्टरांकडून. भिंत ४.७, कप्पा १५. मर्मर अजून आहे. धडधाकट मांजरांतही असते म्हणाले. सहा महिन्यांनी परत दाखवायचंय.

पहिल्या इकोच्या वेळी उलट्यांबद्दल कुणी विचारलं नव्हतं, मीही बोलले नव्हते. त्या रिपोर्टच्या कोपऱ्यात आता पेनाने लिहून ठेवलंय: 'कोरडा असताना'.