एक मिनिट तीस सेकंद

२०१५च्या पावसाळ्यातला एक शनिवार. रबाळे एमआयडीसीतल्या आमच्या कारखान्याचा सर्व्हर डेबियन या लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिमच्या आवृत्ती ७ वरून ८ वर न्यायचा होता. रविवारी सुट्टी, म्हणजे घोळ झालाच तर निस्तरायला वेळ. पॅकेजं बिनबोभाट बसली. मशीन रीबूट केलं आणि स्क्रीनवर लाल चांदण्या डावी-उजवीकडे पळायला लागल्या. ‘स्टार्ट जॉब इज रनिंग’, आणि पुढे मुदत: एक मिनिट तीस सेकंद. मुदत संपली आणि सर्व्हर इमर्जन्सी मोडमध्ये जाऊन रूटचा, म्हणजे मुख्य अ‍ॅडमिनचा, पासवर्ड मागत बसला.

कारण सापडायला पाऊण तास गेला. बॅकअपची यूएसबी डिस्क मी आठवड्यापूर्वी काढून ड्रॉवरमध्ये ठेवली होती, पण एफएसटॅबमध्ये, म्हणजे सुरू होताना जोडायच्या डिस्कांच्या यादीत, तिची ओळ तशीच होती. जुनं इनिट, म्हणजे मशीन सुरू होताना बाकी सगळं चालू करणारा प्रोग्राम, अशा वेळी जरा कुरकुरायचं आणि पुढे जायचं. त्याच्या जागी आलेल्या सिस्टमडीला मात्र डिस्क हवी म्हणजे हवीच. त्या ओळीत ‘नोफेल’ (नसली तरी चालेल) एवढा शब्द घातला आणि मशीन उठलं. तोवर ठाण्याची शेवटची लोकल गेलेली. वॉचमनकाकांनी रिक्षा थांबवून दिली.

“मॅडम, बिघडलं होतं का काही?”

“नाही काका, सुधारलं.”

विटाव्याच्या रेल्वेपुलाखाली पाणी साचलेलं, घरी कळव्याला पोचायला दोन वाजले. ही अडचण रिलीज नोट्समध्ये छापलेली होती, हे रविवारी कळलं. ती चूक माझीच.

राग मात्र गेला नाही. सिस्टमडी मी मागितलं कधी? अपग्रेडबरोबर ते आपसूक घरात आलं. पूर्वी इनिटच्या कामांचं, आरसीचं फोल्डर उघडलं की एस०१, एस०२ अशा आकड्यांच्या शेल स्क्रिप्टा ओळीने उभ्या असायच्या. गाडी अडली तर मधे स्क्रीनवर ओळ छापणारा एक ‘एको’ टाकायचा, कुठे अडतेय ते कळायचं. आता सिस्टमडीच्या जर्नलमधला लॉगसुद्धा, म्हणजे घडामोडींची नोंद, बायनरी, साधा मजकूर नव्हे; वाचायलाही त्यांचंच हत्यार.

लेनार्ट पोटरिंग आणि के सीव्हर्स या प्रोग्रामरांनी सिस्टमडी २०१० मध्ये आणलं, पुढच्या वर्षी फेडोरा या दुसऱ्या लिनक्सच्या १५व्या आवृत्तीने ते स्वीकारलं. डेबियनच्या तांत्रिक समितीत तर फेब्रुवारी २०१४ मध्ये सिस्टमडी आणि अपस्टार्ट हे दुसरं इनिट यांना समसमान मतं पडली आणि अध्यक्षांच्या निर्णायक मतावर सिस्टमडीच्या बाजूने निकाल लागला. एवढ्या काठावरचा निकाल, आणि राहायचं सगळ्यांनी! चिडलेल्यांनी सिस्टमडीविना डेबियनची, डेव्हुआन नावाची वेगळी चूल मांडली. तिची पहिली पक्की आवृत्ती निघायला मे २०१७ उजाडला. मधल्या काळात, २०१६ मध्ये, लॉगआउट केलं की ‘स्क्रीन’ नि ‘टीमक्स’ या प्रोग्रामांमध्ये मागे चालू ठेवलेली कामंही मारून टाकायची, असं सिस्टमडीचं मूळ सेटिंगच झालं. डेबियनने ते बंद करून दिलं म्हणून बरं.

आता खरं सांगते. आमची बिलिंगची सर्व्हिस रात्री-अपरात्री आपटायची. तिच्यावर नजर ठेवायला मी क्रॉनमधून, म्हणजे ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या प्रोग्राममधून, दर पाच मिनिटांनी धावणारी स्क्रिप्ट लिहिली होती. सिस्टमडीच्या युनिट फाइलमध्ये, म्हणजे त्या सर्व्हिसच्या सेटिंगच्या फाइलमध्ये, ‘रीस्टार्ट’ची एक ओळ घातली आणि स्क्रिप्टची गरजच संपली. पुसताना वाईट वाटलं, सात वर्षं पोसली होती.

घरच्या जुन्या लॅपटॉपवर मी डेव्हुआन टाकलंय. काम त्यावर काहीच होत नाही. रविवारी कधी चालू करते, आणि ओळी वर सरकेपर्यंत चहा पीत बसते.