किरणोत्सवाचं गणित

आज कोल्हापुरात अंबाबाईच्या किरणोत्सवाला गेलो. गर्दीमुळं आवारातल्या स्क्रीनवरच सोहळा बघितला. शेजारच्या काकू परदेशातल्या लेकीला व्हिडिओ कॉल लावून म्हणत होत्या, "बघ गं, आली किरणं!"

देऊळ पश्चिमाभिमुख. मावळतीची किरणं महाद्वारातून शिरतात, गाभाऱ्यात पोचतात आणि सूर्य जसजसा खाली जाईल तसतशी देवीच्या चरणांवरून वर चढत जातात. नोव्हेंबरात ९ ते ११ च्या सुमारास आणि पुन्हा जानेवारीअखेर-फेब्रुवारीच्या सुरुवातीला. दोनदा का? २१-२२ डिसेंबरला सूर्य दक्षिणेच्या टोकाला जाऊन माघारी फिरतो. त्याच्या साधारण ४२ दिवस आधी आणि ४२ दिवस नंतर तो क्षितिजावर जवळपास एकाच जागी मावळतो. दुर्बीण नसताना हे ज्यांनी दगडात बसवलं, त्यांच्यापुढं मी मनापासून हात जोडतो. श्रद्धा आणि खगोलशास्त्र इथं एकाच उंबऱ्यावर उभी आहेत.

म्हणूनच जीव तुटतो. ढग, धूळ, दमट हवा आपल्या हातात नाही. पण किरणांच्या वाटेतली बांधकामं, गच्चीवरच्या टाक्या, फलक तरी आहेत ना? ही वाट मोकळी ठेवणं आपलं काम आहे, कोल्हापूरकरांनो.

जानेवारीअखेर पोरांना घेऊन जाणार. त्याआधी त्यांना गच्चीवरून रोजचा सूर्यास्त बघून मावळतीची जागा वहीत टिपायला लावणार आहे.