ट्यूबमधलं लाल पाणी

मे महिन्यातली रात्रपाळी. अकरा वाजले तरी सिमेंट रोडमधून वाफा निघून राहिल्या होत्या, आणि लॅबचा कूलर नुसता घरघरत होता. एनआयसीयूतून, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता कक्षातून, अर्धा मिलीही नसेल एवढं रक्त आलं. चिठ्ठीवर लिहिलं होतं : जन्मल्यावर रडलं नाही, पाचव्या मिनिटाला अपगार (बाळाच्या अवस्थेचे दहापैकी गुण) ३. एलडीएच आणि सीके-एमबी करा. दोन्ही पेशींतले एन्झाइम; पेशींना इजा झाली की रक्तात वाढतात.

मशीनने एलडीएच दाखवला २,१४०. पण सिरम, म्हणजे पेशी बाजूला काढून उरलेलं रक्तातलं पाणी, डाळिंबाच्या रसासारखं लाल होतं. टाच दाबून रक्त काढलं की तांबड्या पेशी फुटतात, आणि त्यांच्यातही एलडीएच भरपूर असतो. मग यातलं बाळाच्या इजेचं किती आणि आपल्या दाबण्याचं किती? मी रिपोर्ट थांबवून दुसरं सॅम्पल मागितलं. रेसिडेंट डॉक्टर फोनवर तडकला, "मॅडम, बाळात रक्त असतं किती?" खरं होतं त्याचं. तीन किलोच्या बाळात जेमतेम अडीचशे मिली.

शिरेतून काढलेलं दुसरं सॅम्पल स्वच्छ पिवळं निघालं. १,२६०. नवजात बाळांचा आकडा मोठ्यांपेक्षा जास्तच असतो म्हणा, पण इतका नाही.

खिडकीशी बाप उभा. "आता तर ऑक्सिजन भेटून राहिला ना मॅडम त्याला, मग आणखी काहून तपासून राहिले?"

"डॉक्टर सांगतील," एवढंच मी म्हणाले. खरं उत्तर खिडकीत सांगण्याजोगं नव्हतं. ऑक्सिजन तुटला की पेशीतलं एटीपी, म्हणजे तिचं इंधन, संपतं, क्षार बाहेर टाकणारे पंप बंद पडतात, पेशी फुगते, पडद्यातून एन्झाइम रक्तात पाझरतात. इथवर समजतं. पण संपलेल्या एटीपीचं हायपोझँथिन नावाचं टाकाऊ द्रव्य होऊन साचतं, आणि ऑक्सिजन परत आला की झँथिन ऑक्सिडेज हे एन्झाइम त्यावर काम करताना सुपरऑक्साइड, म्हणजे ऑक्सिजनचं जहाल रूप, तयार करतं. ते पेशींच्या पडद्यातली चरबी जाळत सुटतं. म्हणजे इजेचा दुसरा हप्ता प्राणवायू घेऊन येतो! म्हणूनच २०१० च्या आंतरराष्ट्रीय शिफारशींपासून पूर्ण दिवसांच्या बाळाला आधी साध्या हवेनेच, २१ टक्क्यांनी, श्वास देतात. त्याआधी सर्रास शंभर टक्के द्यायचे.

एलडीएच हळू उतरतो, म्हणून तिसऱ्या दिवशी पुन्हा सॅम्पल आलं. बाप खिडकीशीच होता, हातात डबा. मी आकड्याआधी ट्यूब उजेडात धरली. पिवळी होती.