तुम्ही विचारलंत म्हणून: साध्या शेतकऱ्यांच्या सात पिढ्या सापडल्या कशा?

मिनियापोलिसमध्ये मराठी माणसं भेटली की माझ्या सासरच्या स्वीडिश मुळांचा विषय निघतोच, आणि मग हमखास एक प्रश्न येतो: "सरदार नाहीत, जमीनदार नाहीत, साधी शेतकरी माणसं. मग त्यांच्या सात पिढ्या तुम्हाला सापडल्या कशा?" मागच्या महिन्यात एका बारशाला तिघींनी विचारलं. पाळणा म्हणायची वेळ झाली आणि उत्तर अर्धवट राहिलं. ते आता पुरं करते.

सुरुवात चुकीच्या गावापासून झाली. सासूबाईंकडे एक जाडजूड स्वीडिश बायबल आहे. त्याच्या पहिल्या कोऱ्या पानावर फिकट तपकिरी शाईत 'गोथेनबर्ग, मे 1869' एवढंच लिहिलेलं. त्यामुळे घरात सगळे धरून चालले होते की आपण गोथेनबर्गचे. मी एक अख्खा हिवाळा त्या शहरातल्या चर्चच्या जन्मनोंदी चाळण्यात घालवला. काही मिळालं नाही, मिळणारही नव्हतं. गोथेनबर्ग हे बंदर. अमेरिकेला निघालेली बहुतेक स्वीडिश माणसं तिथूनच बोटीत बसायची, उत्तर समुद्र ओलांडून इंग्लंडमधल्या हल बंदरात उतरायची, आगगाडीने लिव्हरपूल गाठायची आणि तिथून अटलांटिकची मोठी बोट धरायची. देश जिथून सुटला ते नाव घरात टिकलं, गावाचं नाव पुसलं गेलं.

खरा धागा मिळाला तो इथेच, घरापासून तासाभराच्या अंतरावर. मिनेसोटातल्या शिसागो काउंटीत दक्षिण स्वीडनमधल्या स्मोलांड प्रांतातून आलेल्या लोकांनी वस्ती केली. त्यांची लुथेरन, म्हणजे मार्टिन लुथरच्या प्रॉटेस्टंट पंथाची, चर्चेस 1860 मध्ये स्थापन झालेल्या ऑगस्टाना सिनड या चर्चसंघाची, आणि पुढची कित्येक दशकं त्यांचं सगळं दप्तर स्वीडिशमध्येच लिहिलं जाई. त्या दप्तरात माणसापुढे त्याची जन्मतारीख असते आणि जन्म स्वीडनमधल्या कोणत्या पॅरिशमधला, म्हणजे कोणत्या चर्चच्या पंचक्रोशीतला, तेही असतं. नवऱ्याच्या खापरपणजीच्या नावापुढे लिहिलं होतं: 1847, लिनेरिद, क्रोनोबेर्ग जिल्हा. तेव्हापासून कुणीही मूळ शोधायला निघालं की मी आधी इथलं चर्च गाठायला सांगते. लोक एलिस आयलंडपासून, म्हणजे न्यूयॉर्क बंदरातल्या परदेशातून येणाऱ्यांच्या तपासणी केंद्रापासून, सुरुवात करतात, पण ते उघडलंच 1892 मध्ये. 1869 ची माणसं तिथे कशी सापडणार?

लिनेरिद हे स्मोलांडात, वेक्शो शहराच्या आग्नेयेला. आता तुमच्या प्रश्नाचं मुख्य उत्तर. 1686 च्या चर्च कायद्याने स्वीडनमधल्या प्रत्येक पाद्र्यावर वह्या ठेवायचं बंधन घातलं: जन्म, लग्न, मृत्यू, पॅरिशमध्ये कोण आलं, कोण गेलं. शिवाय पाद्र्याने दरवर्षी वाड्या-वस्त्यांवर जाऊन घरातल्या प्रत्येकाची परीक्षा घ्यायची. छापील पुस्तक वाचता येतं का, लुथरची प्रश्नोत्तरी पाठ आहे का, तिचा अर्थ कळतो का. मालकीण असो, गुराखी पोरगा असो की गोठ्यात झोपणारा गडी, सगळ्यांची परीक्षा. या परीक्षेच्या वहीला 'हूसफर्हर्सलेंग्द' म्हणतात. मी तिला घरपरीक्षेची वही म्हणते. हेतू लोकांचा धर्म तपासण्याचा होता. पण त्यामुळे ज्याच्या नावावर वीतभर जमीन नाही अशा माणसाचीही वर्षावर्षाची नोंद झाली. आपल्याकडे जमिनीचा उतारा मिळतो, पण ज्याला जमीनच नाही त्याचा उतारा कुठला मागायचा?

या वह्यांची छायाचित्रं स्वीडनच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने इंटरनेटवर ठेवली आहेत आणि 2018 पासून ती मोफत पाहता येतात. म्हणजे हे सगळं मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून केलं. अडचण हस्ताक्षराची. जुन्या नोंदी जर्मन वळणाच्या अक्षरात आहेत. ते डोळ्यांत बसायला मला वर्ष लागलं. तारखा बऱ्याचदा चर्चच्या सणावारांनी दिलेल्या, त्याही ईस्टर हलेल तशा हलणाऱ्या, त्यामुळे शेजारी पंचांगासारखं कोष्टक लागतं. महिन्यांचं मात्र मला एकदम जमलं. '7 बेर' असं लिहिलेलं पाहून इथले लोक जुलै समजतात. तो सप्टेंबर. सप्त, अष्ट, नव, दश मोजत आलं की सप्टेंबर ते डिसेंबर आपोआप सुटतात.

नावांची पद्धतही आपल्याला चटकन कळते. आडनाव काढून टाका आणि वडिलांचं नाव मागे लावा, झालं. समजा बाप पेटेर. तर मुलगा योहान पेटेर्सन आणि मुलगी स्तीना पेटेर्सडॉटर. योहानची मुलं पेटेर्सन नव्हेत, ती योहानसन. पिढी बदलली की नाव बदललं, म्हणून आडनाव धरून शोधणारा माणूस हरवतो. त्यात कुणी सैन्यात लागला की त्याला 'रास्क', 'मूदिग' असं छोटं, ऐटदार शिपाई-नाव मिळायचं आणि एकाच बापाच्या दोन मुलांची नावं वेगळी व्हायची. पण एक गोष्ट मला फार मोठी वाटते: त्या शेतकरी घरांत लग्नाने बाईचं नाव बदलत नसे. स्तीना पेटेर्सडॉटर मरेपर्यंत पेटेर्सडॉटर. तिच्या नावावरून तिचा बाप, त्यावरून माहेर, असं मागे मागे जाता येतं. नाशिकला आमच्या तीर्थोपाध्यायांच्या वहीत माझ्या माहेरच्या खापरपणजोबांचं नाव आहे. त्यांच्या बायकोचं माहेरचं नाव आज घरात कुणालाही ठाऊक नाही. सासरच्या सात पिढ्यांतल्या प्रत्येक बाईचं माहेर मला सांगता येतं, आणि माझ्या स्वतःच्या खापरपणजीचं येत नाही, याचं वाईट वाटतं.

आता त्या घराची गोष्ट. घरपरीक्षेच्या वहीत एकेका गावाची पानं लागोपाठ येतात. आधी जमिनीचे मालक, 'बोंदे'. त्यांच्या मागे 'तोर्पारे', म्हणजे मालकाच्या जमिनीच्या कडेला झोपडं आणि तुकडा मिळालेले, आणि त्याच्या बदल्यात मालकाच्या शेतावर ठरलेले दिवस राबणारे. त्यांच्या मागे टेकाडात अर्धवट खणलेल्या खोपट्यांत राहणारे, मग दुसऱ्याच्या घरी आसऱ्याला असलेले, आणि सगळ्यात शेवटी पॅरिशच्या मदतीवर जगणारे. एका कुटुंबाच्या मागावर राहिलं की ते या पानांवरून कसं मागे मागे सरकतं हे दिसतं. ते बघत बसणं मला जड गेलं.

1790 च्या सुमाराला हे घर वहीच्या पुढच्या पानावर आहे, पाव 'मांताल' जमिनीचं मालक. मांताल हे शेतसाऱ्यासाठी ठरवलेलं माप. मुलं बरीच, आणि जगलीही बरीच. वेक्शोचे बिशप आणि कवी एसायास तेग्नेर यांनी स्वीडनची लोकसंख्या वाढण्याची तीन कारणं सांगितली होती: शांतता, देवीची लस आणि बटाटे. यातली लस तर वहीतच दिसते, कारण 1816 पासून ती सक्तीची झाली आणि मुलांच्या नावापुढे तिची खूण होऊ लागली. 1800 मध्ये साधारण 23 लाखांचा देश 1850 पर्यंत 35 लाखांचा झाला. स्मोलांडची जमीन मात्र तेवढीच, आणि तीही दगडांची. वाटणीत थोरल्याकडे आठवा हिस्सा आला. बहिणींचे हिस्से देण्यासाठी त्याने कर्ज काढलं. तिसऱ्या मुलाच्या वाट्याला थोडी रोकड. तो तोर्पारे झाला, वहीत आठ पानं मागे गेला. तो माझ्या नवऱ्याच्या खापरपणजीचा बाप.

तो 1858 मध्ये वारला. स्वीडनमध्ये माणूस गेला की त्याच्या चीजवस्तूंची यादी कोर्टात द्यावी लागे, चमच्यापासून जनावरापर्यंत, किमतीसकट. त्याची यादी एका पानातच संपते. लोखंडी भांडं, दोन कुऱ्हाडी, मेंढीचं कातडं, चर्चमधल्या गाण्यांचं पुस्तक. आणि एक गाय, नावानिशी: 'श्येर्ना'. म्हणजे चांदणी. कपाळावर पांढरा ठिपका असणार. यादीत सगळ्यात जास्त किंमत तिचीच होती. खाली बायकोची सही नाही, फुलीसारखी एक खूण आहे. वाचता बहुतेकांना येई, पाद्री परीक्षाच घेई. लिहायला शिकवणारी सक्तीची गावशाळा आली 1842 च्या कायद्याने, तिच्यासाठी फार उशिरा.

पुढच्या वहीत विधवा खोपट्यांच्या पानावर आहे आणि पंधरा वर्षांची मुलगी 'पीगा' झालेली, म्हणजे दुसऱ्याच्या शेतावरची मोलकरीण. नोकरांनी घर बदलायचं ते ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात, असा कायदा. सहा वर्षांत ही मुलगी पाच घरं फिरली, त्यात दोनदा पॅरिश बदलला. प्रत्येक ठिकाणी पाद्री 'कुठून आली, कुठे गेली' लिहून पुढच्या पानाचा आकडा देतो. त्या आकड्यांचं बोट धरून मी तिच्यामागून गेले. वाचनाची खूण सगळीकडे चांगली.

1868 च्या उन्हाळ्यात दक्षिण स्वीडनमध्ये पाऊस पडला नाही. गवत जळालं, चाऱ्याअभावी जनावरं कापावी लागली. आधीचं 1867 साल थंडीपावसाने नासलेलं. 1869 मध्ये 30 हजारांहून जास्त माणसांनी देश सोडला. 1920 च्या दशकापर्यंत हा आकडा बारा लाखांच्या पुढे गेला. पोलिसांची गोथेनबर्गमधली प्रवाशांची यादी नेमकी 1869 पासूनच सुरू होते. तिच्यात ही मुलगी आहे: बावीस वर्षांची, पीगा, राहणार लिनेरिद, जाणार शिकागो. सोबत कुणी नाही. बायबलावरची तारीख तिची होती.

लिनेरिदच्या वहीत तिच्या नावावर एक सरळ आडवी रेघ आहे, पट्टी न लावता मारलेली, टोकाला किंचित खाली उतरलेली. शेवटच्या रकान्यात 'एन. अमेरिका', म्हणजे उत्तर अमेरिका, आणि तारीख. दोन वर्षांनी तिच्या दोन्ही भावांच्या नावांवर तशाच रेघा. तेही शिसागोला आले, सरकारी कायद्याने मिळणारी 160 एकर जमीन घेतली, आणि स्मोलांडातल्या त्यांच्या आजोबांच्या जमिनीपेक्षा कितीतरी मोठं शेत त्यांच्या नावावर झालं. ती सगळी गोष्ट घरात सांगितली जाते, फोटोंसकट.

आईची गोष्ट घरात कुणाला माहीत नव्हती. मला ती वहीत भेटली. मुलं गेल्यावर ती वहीच्या अगदी शेवटच्या पानावर आहे, पॅरिशच्या मदतीवर. चर्चमध्ये प्रभुभोजनाला, म्हणजे भाकरी-द्राक्षारसाच्या विधीला, माणूस कधी आला त्याच्या तारखांचे छोटे रकाने असतात. तिचे भरलेले आहेत, वर्षातून दोनदा, एकही चुकलेला नाही, 1882 च्या शरदापर्यंत. पुढच्या वर्षीचा रकाना कोरा आणि तिच्या नावावर रेघ.

मागच्या उन्हाळ्यात आम्ही तिथे गेलो होतो. खोपट्याच्या जागी शेवाळलेले दगड आणि एक लायलॅकचं झाड. नवऱ्याने सगळ्यांसमोर तिचं पूर्ण नाव, बापाच्या नावासकट, मोठ्याने वाचलं. त्याला तो उच्चार मी शिकवला होता.